इतिहासाची पेटी: नाणी चकचकीत, पण 'कशावरून' कुठंय?

सात हजार चारशे रुपये, कुरिअरचे वेगळे. १९९९ च्या दहावीच्या बॅचने स्नेहमेळाव्यात शाळेला देणगी दिली आणि हेडसरांनी स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, "कोणाला काय पाहिजे ते आजच सांगा." विज्ञानाच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शक मागितला, पीटीच्या सरांनी व्हॉलिबॉलची जाळी. मी मोबाइलवर जाहिरात बघून ठेवलेली इतिहास शिकवायच्या साधनांची ही पेटी मागितली. "इतिहासाला पेटी कशाला? पुस्तक आहे की," असं एक जण बोललाच, पण आली पेटी.

आता वर्ष होत आलं. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्गांत ती वापरून झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या आणखीही लोक विकतात आणि फोटोंवरून तरी सगळ्यांचा माल एकाच साच्यातला दिसतो. घ्यायची की नाही हे ठरवताना कुणा शिक्षकाला उपयोग व्हावा म्हणून लिहितेय. आमची शाळा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे, वर्गात अठ्ठावन्न मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. पुण्या-मुंबईच्या शाळेत हीच पेटी वेगळी चालेल, हे आधीच सांगते.

आत काय आहे? मखमली कप्प्यांत बारा नाण्यांच्या प्रतिकृती, चाळीस साधनकार्डं, फ्लेक्सची पंधरा फुटी कालरेषा, सहा नकाशे, सनावळीची सापशिडी, शिक्षकांसाठी अठ्ठेचाळीस पानी मार्गदर्शिका. माझ्या पेटीचा एक कोपरा चेपलेला आला आणि नाण्यांचा एक कप्पा रिकामा. फोन केल्यावर तीन आठवड्यांनी नाणं आलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिली खटकलेली गोष्ट खोक्यावरच छापलीय: 'इयत्ता आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमानुसार'. बारापैकी सात नाणी सातवाहनांपासून शिवकाळापर्यंतची. आपल्याकडे प्राचीन भारत सहावीला संपतो आणि मध्ययुग सातवीला. आठवीला इंग्रज येऊन जातात, नववीला १९६० नंतरचा भारत, आणि दहावीला तर गोष्टीरूप इतिहास नाहीच. इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन असे धडे आहेत. ज्याने पेटी बांधली त्याने दहावीचं पुस्तक उघडून पाहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगेन. पाहिलं असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं की अशा पेटीची सगळ्यात जास्त गरज दहावीलाच आहे. पहिल्याच धड्यात जर्मन इतिहासकार रांके येतो. मूळ दस्तऐवज तपासल्याशिवाय इतिहास लिहू नये असं म्हणणारा. आमची मुलं "रांके – मूळ दस्तऐवजांवर भर" एवढं पाठ करतात, 'चुकीची जोडी ओळखा'मध्ये त्याला बरोबर हुडकतात, गुण घेतात आणि शाळा सोडून जातात. दस्तऐवज एकही बघितलेला नसतो.

मला पेटी हवी होती ती ह्यासाठी. बी.एड.ला आम्हाला 'आधार पद्धती' होती, म्हणजे मूळ साधन वर्गात नेऊन त्यावरून शिकवायचं. कथन, नाट्यीकरण, प्रकल्प आणि आधार. परीक्षेत लिहायला सगळ्यात सोपी आणि वर्गात करायला सगळ्यात अवघड. सराव पाठात मी एका जुन्या खरेदीखताची झेरॉक्स नेली होती. मेथड मास्तरांनी शेरा दिला होता, "आधार चांगला. मूल्यमापनाआधी वेळ संपला." तेव्हापासून आजतागायत वेळ संपतोच आहे.

तर साधनकार्डं. कागद जाड, छपाई स्वच्छ, लॅमिनेशन चांगलं. चाळीसपैकी पंचवीस तरी निवड उत्तम आहे, हे मनापासून सांगते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनाचा उतारा आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती माझ्या कथनाने कधी झाली नव्हती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सक्ती कवा झाली?" ह्या एका कार्डावर तासिका गेली आणि मला तिचं वाईट वाटलं नाही.

पण प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तर छापलंय! वर उतारा, खाली तीन प्रश्न, आणि कार्ड उलटलं की तिन्ही उत्तरं. आठवीतल्या मुलाच्या हातात असं कार्ड दिल्यावर तो उतारा वाचेल असं ज्याला वाटलं त्याने वर्गात खडू धरलेला नाही. पहिल्या दिवशी चार मिनिटांत सगळे गट "झालं, मॅडम" म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी वहीची खाकी कव्हरं कापून चाळीसच्या चाळीस कार्डांच्या पाठी मीच चिकटवल्या. घेणार असाल तर ह्या कामाला एक रविवार काढून ठेवा.

दुसरी उणीव त्याहून मोठी. कार्डावर साधन आहे, पण साधनाचा जन्मदाखला नाही. सतरा नंबरचं कार्ड घ्या. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधला झाशीच्या वेढ्याचा भाग, आणि खाली एकच शब्द: 'प्रत्यक्षदर्शी'. झालं. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे, कर्ज फेडायला म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले, ह्यातलं काही नाही. त्यांनी हे लिहिलं ते जवळपास पंचवीस वर्षांनी, छापून आलं १९०७ साली, आणि छापताना चिंतामणराव वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते, मूळ संहिता पुढे द. वा. पोतदारांनी काढली, ह्यातलंही काही नाही. एवढं मी फळ्यावर लिहिलं आणि मग विचारलं, "आता सांगा, ह्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा?" एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला मागच्या दिवाळीचं आठवत नाही, ह्यांना पंचवीस वर्षांनी कसं आठवलं?" त्याच्या शेजारची लगेच, "तोफा चालू होत्या. तुझ्या दिवाळीत तोफा होत्या का?" दोघांचंही बरोबर आहे, आणि दहावीच्या पहिल्या धड्यात जे आहे ते हेच आहे. कार्डाने ते घडवलं नाही. कार्डामुळे घडलं एवढं श्रेय देते.

शिवाय एका घटनेला एकच कार्ड. झाशीचंच एखादं इंग्रजी बाजूचं वर्णन शेजारी ठेवलं असतं तर ताळा घेता आला असता. चाळीस कार्डांत एकमेकांशी भांडणारी दोन कार्डं नाहीत. अशाने मुलांना वाटतं की जुनं ते सगळं खरं.

कालरेषेबद्दल फार लिहायला नको. फ्लेक्सवर शतकं समान अंतरावर नाहीत. जिथे चित्रं जास्त तिथे जागा जास्त. १६३० ते १६८० ला चार फूट आणि १७६१ ते १८१८ ला हाताची वीत. असली कालरेषा बघूनच मुलं "पानिपतानंतर मराठे संपले" असं लिहितात. मी ती गुंडाळून ठेवली आणि सुतळी आणली. एक वर्षाला तीन सेंटिमीटर, १६०० ते १९६०, म्हणजे दहा मीटर ऐंशी. आमच्या व्हरांड्याच्या खांबांना ती बांधली आणि मुलांनीच मोजून चिठ्ठ्या टांगल्या. पानिपत ते पेशवाईचा शेवट एकशे एकाहत्तर सेंटिमीटर भरतो. मधे १७७१ ला मराठी फौजा पुन्हा दिल्लीत, ती चिठ्ठी पानिपतापासून फक्त तीस सेंटिमीटरवर. पट्टी लावून बघितल्यावर कोणाला सांगावं लागत नाही. खर्च साठ रुपये.

त्याच सुतळीवर आमच्या गावाचं वेगळं निघालं. इंग्रजांचं १८१८ ते १९४७ मोजलं तर तीन मीटर सत्त्याऐंशी. "हे पुण्याचं," मी म्हटलं, "आपलं मोजा." निजामाने आपलं बस्तान बसवलं ते १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर. मधे मराठ्यांशी ओढाताण चालूच, १७६० ची उदगीरची लढाई तर आमच्याच जिल्ह्यातली, पण राजवट संपली ती १९४८ ला. सहा मीटर बहात्तर. मुलं चालत गेली आणि पार मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली. मग एकाने १५ ऑगस्ट १९४७ आणि १७ सप्टेंबर १९४८ ह्यांच्यामधे बोटं ठेवली. तीन सेंटिमीटर आणि वर थोडं, दोन बोटं. "ह्या दोन बोटांत काय झालं?" हा प्रश्न मी विचारलेला नाही, त्याने विचारला.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे. ह्या पेटीत ती दोन बोटं नाहीतच. स्वातंत्र्यलढ्याची अकरा कार्डं आहेत, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं एक नाही. आठवीच्या पुस्तकात तो आहे, स्वामी रामानंद तीर्थ आहेत, विलीनीकरण आहे. पेटीत नाही. नकाशात १९४७ चा महाराष्ट्र भगव्या रंगाने सलग रंगवलाय, जणू आम्ही तेव्हापासूनच ह्यांच्यात होतो! मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० ला महाराष्ट्रात. कंपनीला फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी नम्र होती. म्हणाली, "मॅडम, मराठवाड्याचं वेगळं मॉड्युल नाहीये, तिकडून डिमांड नाही ना." डिमांड कशी असणार? आम्हाला तर वाटतं इतिहास म्हणजे पुण्याला घडलेलं.

नाण्यांचा किस्सा ह्यातूनच झाला. पेटीतली शिवराई वर्गात फिरवली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. मुलांनी अक्षरं वाचली, खूश झाली. प्रतिकृती चांगलीच आहे, फक्त नको तेवढी चकचकीत आणि काठ यंत्राने कापल्यासारखे गोल. खरी शिवराई हातोड्याने ठसा मारून पाडलेली, तिचा काठ वाकडातिकडा आणि ठसा अर्धा बाहेर गेलेला असतो. मार्गदर्शिकेत ह्यावर ओळ नाही. मी सहज विचारलं, घरी कोणाकडे जुनं नाणं आहे का.

दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी रुमालाच्या गाठीत चांदीचा रुपया घेऊन आली. आजीने अट घातली होती, संध्याकाळी परत. त्यावर चारमिनार. मुलांनी ओळखला, कारण आदल्या वर्षी सहल हैदराबादला गेली होती. नाणं हातोहात फिरत मागे गेलं आणि मागून आवाज आला, "मॅडम, ह्या दारात कायतरी लिवलंय." चारमिनारच्या मधल्या कमानीत एक बारीक वळसा होता. मला तो नक्षी वाटला होता. वर्गातल्या तीन मुली मदरशात अरबी अक्षरं शिकलेल्या, त्यातल्या एकीने नाणं डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "ऐन आहे, मॅडम. उस्मानचं ऐन." मीर उस्मान अली, शेवटचा निजाम, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. दोन वर्षं वर्गात बसून जिने तोंड उघडलं नव्हतं तिच्याभोवती चाळीस मुलं जमा झाली.

मग तिने आकडे वाचले. एक, तीन, तीन, सात. फळ्यावर १३३७ लिहिलं. दोन मिनिटं सगळे नाण्याच्या जुनेपणावर खूश होते. तेवढ्यात ज्याने सहलीचा अहवाल लिहिला होता तो उभा राहिला. "मॅडम, चारमिनार १५९१ चा आहे. पाटीवर लिहिलेलं होतं. मग १३३७ च्या नाण्यावर कसा येईल?"

बावीस वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. एक जण म्हणाला नाणं खोटं आहे. जिच्या आजीचं नाणं ती रडायच्या बेतात. एक म्हणाला पाटी चुकली असेल. मी उत्तर दिलं नाही, कष्टाने दिलं नाही. शेवटी ऐनवाल्या मुलीनेच हळूच सांगितलं, "आमच्या कॅलेंडरचं साल वेगळं असतं." घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढच्या तासाला फळ्यावर हिशेब केला. हिजरी सनाचं चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून १३३७ ला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १९१८-१९ निघालं. गणिताच्या सरांनी खिडकीतून डोकावून बघितलं, इतिहासाच्या तासाला गुणाकार कसला चाललाय म्हणून.

संध्याकाळी नाणं परत द्यायला मीही गेले. आजी नव्वदीला टेकलेल्या. म्हणाल्या, "ही हाली हाय. कलदार येगळा." निजामाचा रुपया हाली आणि इंग्रजांचा कलदार. हा शब्द मुलीने पहिल्यांदाच ऐकला, स्वतःच्या घरात.

ह्याचंच पुढे मी मौखिक साधनांचं काम केलं. १९४८ बद्दल घरातल्या जुन्या माणसाला पाच प्रश्न विचारून लिहून आणा. बावीस वह्या आल्या. ह्याबद्दल शिक्षकांना एक सावधगिरीचं सांगावंसं वाटतं. बहुतेक वह्यांत रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, दहशत होती, रानात लपून काढलेल्या रात्री होत्या. एका वहीत मुसलमान शेजाऱ्याने आपल्या कणगीत लपवल्याचं होतं. आणि दोन वह्यांत पोलीस कारवाईच्या, म्हणजे भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतलं त्याच्या, नंतरचं होतं, आजोबांचे भाऊ परत आलेच नाहीत असं. ते आजोबा मुसलमान. नंतरच्या हिंसाचाराची चौकशी करायला पंडित सुंदरलाल समिती आली होती आणि तिच्या अहवालात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं, म्हणजे आमचं, नाव आहे. अशा वह्या मोठ्याने वाचायच्या की नाही, कोणत्या क्रमाने, कोणासमोर? मी आधी घरी जाऊन विचारलं. एका घरातून हो आलं, एकातून नको. जे नको म्हणाले त्यांची वही मी परत केली. मार्गदर्शिकेत 'मौखिक साधने' ह्या मथळ्याखाली पोवाडा आणि ओवी एवढंच आहे. जिवंत माणसाकडून ऐकताना काय जपायचं, ह्यावर एक परिच्छेद तरी हवा होता.

बाकीचं भराभर. मोडीचं कार्ड छान आहे, पण लिप्यंतर फक्त क्यूआर कोडमध्ये. आमच्याकडे रेंज जिल्हा परिषदेच्या टाकीवर चढल्यावर येते. तरी मुलांनी एक हेरलं: आधी पानभर रेघ ओढलीय आणि मग खाली अक्षरं लटकवलीत. तसंच असतं मोडीत. घरी येऊन क्यूआर कोडवरचा एक व्हिडिओ बघितला. ढोल-ताशे, ज्वाळा, भरदार आवाज. दुसरा बघितला नाही. सापशिडी मुलांना प्रचंड आवडली, ऑफ तासाला भांडून मागतात. राज्याभिषेकावर शिडी आणि पानिपतावर साप, तो थेट १६८९ ला आणून सोडतो. सनावळी पाठ झाली का? नाही. नकाशे मोठे आणि कापडी अस्तराचे आहेत, वरचा तो १९४७ चा सोडला तर पेटीतली सगळ्यात टिकाऊ वस्तू.

पाचपैकी मी तीन देईन. एक कार्डांच्या निवडीला, एक नकाशांना, आणि एक शिवराईला, कारण तिच्यामुळे हाली रुपया बाहेर आला. सुटी कार्डं मिळतील का असं विचारलं होतं, पूर्ण संचच घ्यावा लागेल म्हणाले. दोन-तीन शाळांनी मिळून एक संच घेऊन फिरवला तर परवडेल. जवळच्या शाळेला मी आमचा दिवाळीनंतर महिनाभर दिला होता, एकोणचाळीस कार्डं परत आली.

घेतलाच तर नाणी हातात देण्याआधी मोजा आणि घेतल्यावर मोजा. कार्डांच्या पाठी झाकायला फेविकॉल वापरू नका, लॅमिनेशनवर धरत नाही, दुहेरी चिकटपट्टी लागते. आणि पेटी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात ठेवली, तर जूनमध्ये उघडल्यावर कालरेषेचा फ्लेक्स स्वतःलाच चिकटला होता. तेवढ्याचं वाईट वाटलं नाही.